तुम्ही विचारलंत म्हणून: ते इथवर येऊ शकतील का?

दुसऱ्या ताऱ्याभोवती बुद्धिमान जीव असतील, तर ते अंतराळ ओलांडून पृथ्वीवर येऊ शकतील का, असं मला नेहमी विचारलं जातं. येऊ शकतील. भौतिकशास्त्राचा एकही नियम त्यांच्या आड येत नाही. आड येते ती घाई.

सूर्य सोडला तर आपल्याला सर्वांत जवळचा तारा प्रॉक्झिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षं दूर (प्रकाश वर्षभरात जेवढं अंतर कापतो, ते एक प्रकाशवर्ष). १९७७ साली निघालेलं व्हॉयेजर-१ हे अंतराळयान सेकंदाला साधारण १७ किलोमीटरने चाललंय (त्या ताऱ्याकडे नव्हे, पण असो). या चालीने तिथे पोचायला सुमारे ७५,००० वर्षं लागतील. प्रवास एका आयुष्यात उरकायचा तर प्रकाशाच्या निदान एक दशांश वेग हवा, म्हणजे सेकंदाला ३०,००० किलोमीटर. मग ४२ वर्षं पुरतात.

रासायनिक इंधन इथे बाद. त्याचा झोत सेकंदाला जेमतेम साडेचार किलोमीटरने सुटतो. अणुसंमीलनावर (हलके अणू जोडून मिळणाऱ्या ऊर्जेवर) चालणारं, सेकंदाला १०,००० किलोमीटरने झोत फेकणारं इंजिन कुणी बनवलं असं धरू. एक टन यान प्रकाशाच्या एक दशांश वेगाला न्यायचं, तर निघताना इंधनासकट वजन २० टन भरतं. एवढ्यावर भागलं असतं. पण पोचल्यावर थांबायचंही आहे, आणि थांबण्याचं इंधन निघताना माल म्हणून वाहून न्यावं लागतं. त्यामुळे २० अधिक २० होत नाही, २० गुणिले २० होतं: ४०० टन. 'वेग कसा गाठणार' हे सगळे विचारतात, ब्रेकचा हिशेब फारसा कुणी मांडत नाही.

वाटेत धूळ आहेच. या वेगाने जाणाऱ्या यानावर एक मिलिग्रॅमचा कण आदळला, तर जवळपास १०० किलो टीएनटीचा स्फोट. पुढे जाड ढाल हवी, आणि ढालीच्या दर टनामागे पुन्हा ४०० टन.

आता वेग दहापट कमी करून पाहा. तेच इंजिन, प्रकाशाच्या एक टक्का वेग. थांबण्याचं इंधन धरूनही एक टन यानाला निघताना दोन टनसुद्धा लागत नाहीत, आणि त्याच कणाचा मार शंभरपट सौम्य होतो. ज्याला वेळेची पर्वा नाही, त्याला वाट खुली आहे.

फक्त प्रवास ४२४ वर्षांचा होतो, आणि तिथे जिवंत प्रवाशांचं अवघड होतं. यानातून वर्षाला फक्त एक टक्का हवा गळत राहिली, तर शेवटी मूळ हवेचा दीड टक्काही उरत नाही. पाणी, खतं, बियाणं, सगळ्याला हाच हिशेब. म्हणून माझं मत असं, की कुणी आलंच तर ते यंत्र असेल.

यंत्रालाही काळ सोडत नाही. व्हॉयेजरला वीज देणाऱ्या प्लुटोनियम-२३८ या किरणोत्सारी धातूचं अर्धायुष्य, म्हणजे त्यातलं निम्मं उरायला लागणारा काळ, सुमारे ८८ वर्षं. ४२४ वर्षांनी त्यातलं साडेतीन टक्के शिल्लक राहील, आणि नेमकं तेव्हाच यंत्राला जागं व्हायचं असतं, तारा ओळखायचा असतो, इंजिन उलटं फिरवून पेटवायचं असतं. ते जमायला त्याला स्वतःचे सुटे भाग वाटेतच घडवता आले पाहिजेत, आणि भाग घडवणारी अवजारंसुद्धा.