मशीन घ्यायला निघालो आणि टेपवर अडकलो

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर एका कस्टमरनं आम्ही वेल्ड करून दिलेल्या बेस फ्रेमचा, म्हणजे लोखंडी चौकटींचा, अख्खा लॉट परत पाठवला. साठ नग. भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या शेडसमोर टेम्पो लागला, तेव्हा ड्रायव्हरसुद्धा माझ्याशी नजर मिळवत नव्हता. चलनावर लाल पेनानं लिहिलेलं, 'क्रॉस आऊट', म्हणजे चौकटीचे कर्ण जुळत नाहीत.

फ्रेम तशी साधीच. 50×50×6 चा अँगल, म्हणजे काटकोनात वळलेली पट्टी, बाहेरून 1200 बाय 800, सगळं मिलिमीटरमध्ये. दोन्ही कर्ण 1442 यायला हवेत आणि त्यांच्यात दोन मिलिमीटरपर्यंत फरक चालतो. आमच्या फ्रेममध्ये तो चारपासून सातपर्यंत होता.

मी लगेच मशीनवर खापर फोडलं. आमचं मिग मशीन, म्हणजे तार आणि गॅसवर चालणारं वेल्डिंग मशीन, जुनं, त्यामुळे सोपं होतं. नव्या मशीनचं कोटेशन आणलं, बँकेत कर्जाचं बोलून आलो. आमचे वेल्डर, त्यांना सगळे चाचाच म्हणतात, एवढंच म्हणाले, "शेठ, मशीन चांगलंय. पण तुम्ही घेताय तर घ्या." त्यात टोमणा होता, तो मला नंतर कळला.

कागदांवर सही राहिली होती. हिशेब बायको बघते. तिनं विचारलं, "नव्या मशीनवर रोज किती फ्रेम जास्त निघतील?" मला उत्तर देता आलं नाही. मग दुसऱ्या दिवशी सकाळी वही घेऊन शेडच्या कोपऱ्यात बसलो. दर दहा मिनिटांनी मान वर करायची आणि चाचा त्या क्षणी काय करताहेत ते एका शब्दात लिहायचं. आठ तासांत 48 नोंदी झाल्या. त्यांतल्या फक्त 13 वेळा आर्क चालू होता, म्हणजे प्रत्यक्ष वेल्डिंग होत होतं. बाकीच्या वेळी काय, तर क्लॅम्प शोधणं, ग्राइंडिंग, छिन्नीनं स्पॅटर, म्हणजे उडून चिकटलेले धातूचे थेंब, काढणं, फ्रेम पलटायला हेल्परला हाक मारणं. एकदा तर सलग दोन नोंदी 'ग्राइंडर शेजारच्या शेडमध्ये गेलाय' अशा. हे बघितल्यावर नवं मशीन घेऊन काय होणार होतं? ते 13 चे जेमतेम 14 झाले असते.

वेळेचं कोडं सुटलं, पण क्रॉसचं नाही. कटिंगवाल्या पोराचा टेप आणि जुळणीवाल्याचा टेप एकाच एक मीटरच्या स्टील पट्टीवर लावून पाहिले. जुळणीवाल्याच्या टेपनं 1000 दाखवलं, पोराच्या टेपनं 1001. पोराच्या टेपचं टोकाचं हूक हलतच नव्हतं. पोरगा अभिमानानं म्हणाला, "ते ढिलं झालं होतं शेठ, मीच ठोकून पक्कं केलं." मला हसावं की रडावं कळेना. टेपचं हूक मुद्दामच ढिलं ठेवलेलं असतं, स्वतःच्या जाडीएवढं. बाहेरून अडकवलं की ते पुढे सरकतं, आतून टेकवलं की मागे, आणि दोन्ही मापं बरोबर येतात. ते ठोकून पक्कं केल्यावर अडकवून घेतलेलं प्रत्येक माप चुकणार. त्याच्या 1200 च्या खुणेवर कापलेला अँगल 1199 निघत होता.

तरी त्यातून जेमतेम एक मिलिमीटरचा हिशेब लागतो. बाकीचा फरक वेल्डिंगच्या ओढीचा होता. चाचा एक कोपरा टॅक करून, म्हणजे छोट्या टाक्यानं धरून, तिथेच पूर्ण भरायचे, मग पुढचा. पहिला कोपरा थंड होताना अँगल ओढायचा आणि पुढचे तीन त्या वाकड्यालाच जुळायचे. चारही कोपरे आधी टॅक करा, क्रॉस मोजा, मग समोरासमोरचे कोपरे आलटूनपालटून भरा, असं ठरलं.

मग फिक्श्चर, म्हणजे फ्रेम जागेवर धरून ठेवणारा साचा, बनवलं, आणि त्यात मी स्वतः फजीत झालो. 12 मिलिमीटरच्या प्लेटवर मोठ्या ऐटीत चारही बाजूंना आतून स्टॉपर लावले. पहिली फ्रेम वेल्ड झाली, थंड झाली, आकसली आणि स्टॉपरना अशी आवळून बसली की निघेचना. घणानं ठोकून काढली, ती अर्थातच भंगारात गेली. चाचा काहीच बोलले नाहीत, फक्त तंबाखू मळत राहिले. आता दोन बाजूंना बाहेरून स्टॉपर आणि समोरच्या दोन बाजूंना टॉगल क्लॅम्प आहेत. फ्रेम आकसली की आपोआप मोकळी होते.

चाचांशी खरी खडाजंगी झाली ती वेल्डच्या मापावरून. ड्रॉइंगमध्ये चार मिलिमीटरचा फिलेट, म्हणजे कोपऱ्यात भरायचा वेल्ड, आणि ते सहाचा मारायचे. "मजबूत पाहिजे ना?" त्यांना राग आला, कारण मी कामात काटकसर शिकवतोय असं त्यांना वाटलं. फिलेटचा छेद त्रिकोणी, त्यामुळे माल बाजूच्या वर्गानं वाढतो. चाराचे सोळा, सहाचे छत्तीस, म्हणजे सव्वादोन पट तार, तेवढाच जास्त वेळ आणि वर जास्त उष्णतेची ओढ. मी गणित मांडलं, ते ऐकेनात. शेवटी चारचा एक तुकडा वेल्ड करून व्हाइसमध्ये धरला आणि त्यांनाच घण दिला. अँगल वाकला, वेल्ड तसाच. "ठीक आहे," म्हणाले, आणि वेल्डचं माप बघायचा गेज खिशात टाकून गेले. तो गेज मला अजून परत मिळालेला नाही.

कर्ज घेतलं नाही. त्याऐवजी एक ग्राइंडर, सहा क्लॅम्प, भिंतीवर हत्यारांच्या आकृत्या रंगवलेला बोर्ड आणि सगळ्यांना एकाच कंपनीचे टेप घेतले. दर शुक्रवारी, गुरुवारच्या सुट्टीनंतर, टेप पट्टीवर लावून बघायचे. पूर्वी दिवसाला सहा फ्रेम निघायच्या, आता नऊ निघतात. क्रॉसचा फरक दीडच्या वर जात नाही.

पंख्याचं भांडण मात्र मिटलेलं नाही. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली पंखा बंद ठेव म्हणायला जीभ रेटत नाही, आणि चालू ठेवला तर वेल्डला हवेपासून वाचवणारा सीओटू गॅस उडून जातो नि वेल्डमध्ये पिनहोल, म्हणजे बारीक भोकं, पडतात. सध्या वेल्डिंगच्या जागी तीन बाजूंना पडदे आहेत आणि पंखा चाचांच्या पाठीवर सोडलेला. त्यात आता पुढची ऑर्डर एसएस 304 ची, म्हणजे स्टेनलेस स्टीलची, आली आहे. ते साध्या माइल्ड स्टीलपेक्षा जास्त प्रसरण पावतं आणि उष्णता धरून ठेवतं, त्यामुळे फिक्श्चरचे स्टॉपर पुन्हा सरकवावे लागणार. या वेळी चाचांना आधीच विचारलंय.