तुम्ही विचारलंत म्हणून: ते कर्कश काय ऐकत असते मी

"तुला ते आधुनिक वेस्टर्न क्लासिकल खरंच आवडतं का गं, की उगाच?" नागपुरात धरमपेठेतल्या आमच्या अख्ख्या गोतावळ्याचं हे विचारून झालंय, तर एकदाच सांगते.

पहिलं म्हणजे ही एकच भाजी नाहीये. अमेरिकन संगीतकार टेरी रायलीचं १९६४ चं 'इन सी' घ्या, ५३ छोटे तुकडे, ज्याने त्याने हवे तितक्यांदा वाजवून पुढे सरकायचं, मागे पियानोवर एकच सूर ठोकत राहतो, ते तुम्हाला तबल्यामागे फिरत राहणाऱ्या लेहऱ्यासारखं वाटलं असतं. फ्रेंच संगीतकार मेस्सियांने तर देवगिरीच्या शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकर' या जुन्या ग्रंथातले देशी ताल उचललेत, म्हणजे माल आपल्या देवगिरीचा नि नाकं मुरडणार आपणच!

पण त्या दिवशी मी यातलं काही लावलंच नाही. मे महिना, घरी आठ-दहा जण, प्रत्येकाने आवडीचं एक ऐकवायचं. कुणाचा तरी मारवा राग झाला आणि मी लिगेटी या संगीतकाराचं 'अ‍ॅटमॉस्फेर' लावलं, १९६१ चं, नऊएक मिनिटांचं. चाल नाही, तालवाद्यंच नाहीत, नुसते सूर एकमेकांना चिकटून ढगासारखे सरकतात. तिसऱ्या मिनिटाला काका उठले, "पंखा घासून राहिला वाटते" म्हणत कूलर बंद केला. आवाज चालूच! मग जे हसले सगळे. मीही हट्टाने शेवटपर्यंत वाजवलं, कूलर बंद, सगळे घामाघूम. बाबा तेवढे हसले नाहीत. तबला वाजवायचे नं ते, मांडीवर बोट ठेवून सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, शोधत होते, उचलायचे, परत ठेवायचे, शेवटी हात मागे घेतला. आणि मी सगळ्यांसमोर बोलले, "तुमचे कानच तयार नाहीत."

कुणाचे कान? त्यांनीच मला ऐकायला शिकवलं होतं.

बरं, माझे तरी कुठे तयार होते? शोनबर्ग या संगीतकाराचं, बाराही सुरांना सारखाच मान देणारं संगीत मला आजही पचत नाही. सुरुवातीला हे सगळं मी मिरवायलाच ऐकलं, अवघड ते भारी असं वाटायचं. आता लिगेटी खरंच आवडतो, समेची वाट बघावी लागत नाही म्हणून असेल. तरी काकांचं मी मान्य करणार नाही, कूलर वेगळा घासतो.

तुम्ही सगळे विचारता. बाबांनी त्यानंतर एकदाही विचारलं नाही, मी हेडफोन लावले की टीव्हीचा आवाज मात्र कमी करतात.