कानातला आवाज आणि गोळी

आज परत कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. सात महिने झाले, डाव्या कानात सतत कुईंऽऽ असा आवाज, दिवसा कामात विसरायला होतं पण रात्री सगळं शांत झालं की तोच तेवढा उरतो, झोप नाही, चिडचिड नुसती. मी सरळ विचारलं, डॉक्टर एखादी गोळी द्या ना हा आवाज बंद करणारी. ते म्हणाले, टिनिटससाठी, म्हणजे कानातल्या अशा आवाजासाठी म्हणून मान्यता मिळालेलं एकही औषध आज नाहीये. खरं सांगते, डोळ्यात पाणीच आलं.

मग त्यांनी नीट समजावलं. गिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क), झिंक, मेलाटोनिन वगैरे सप्लिमेंट टिनिटससाठी घेऊ नका असं अमेरिकेतल्या कान-नाक-घसा डॉक्टरांच्या २०१४ च्या गाईडलाईनमध्येच आहे, आणि मी चार महिने गिंको घेत होते! डिप्रेशन किंवा चिंता असेल तर त्याची औषधं देतात, पण ती त्या त्रासासाठी, आवाजासाठी नाही. उलट ॲस्पिरिनचा डोस जास्त झाला तर त्यानेच कानात आवाज येऊ शकतो, म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांना दाखवायच्या, मनाने बंद मात्र करायच्या नाहीत. आणि हे तर प्रत्येकाला माहीत हवं, अचानक एका कानाने ऐकू येईनासं झालं तर लगेच जायचं, तिथे स्टेरॉइडचा उपयोग होऊ शकतो पण उशीर चालत नाही.

माझी ऐकण्याची टेस्ट झाली, थोडं कमी ऐकू येतंय, म्हणून हिअरिंग एड लावून बघायचंय आणि सीबीटी नावाचं समुपदेशन सुरू करायचंय. आत्ता पंखा मुद्दाम मोठा करून झोपतेय. तुमच्यापैकी कुणी सीबीटी केलंय का, प्लीज सांगा.