आमची वाटचाल : वाजवण्याचे पैसे

आमच्याकडे वाजवणारी एकच, ती मी. फोन, हिशेब आणि गाडी नवरा बघतो, आवाज साउंडवाले मामा बघतात. तरी पत्रांत आणि बिलांवर आम्ही ‘आम्ही’च लिहितो, कारण ‘मी’ लिहिलं की समोरचा भाव पाडून मागतो. लग्न, साखरपुडा, संगीत, कंपन्यांचे सोहळे आणि संस्थांच्या निधीसाठी होणाऱ्या झगमगीत जेवणावळी, अशा ठिकाणी एकटीनं उभं राहून व्हायोलिन वाजवायचं हा आमचा धंदा. पुण्यात, २०११ पासून.

सुरुवातीला चौकशीच्या प्रत्येक फोनवर एकच प्रश्न असायचा, ‘बरोबर गाणारं कोण आहे?’ व्हायोलिन म्हणजे साथ, ही समजूत पक्की. प्रभाकर जोगांनी व्हायोलिन गाऊन दाखवलं, डी. के. दातारांनी त्यावर गायकी अंगाच्या अख्ख्या मैफली रंगवल्या. ती व्हायोलिनं ऐकत मोठी झालेली मंडळीसुद्धा स्वतःच्या मुलीच्या लग्नात व्हायोलिनवाल्याला तबलजीशेजारी कोपऱ्यात बसवायची. वर ‘जरा हळू वाजवा, पाहुण्यांना बोलता येत नाही’ हेही ऐकायचं.

मी शिकले ते बैठकीचं. मांडी घालून बसायचं, वाद्याचं डोकं पायाच्या घोट्याशी टेकवायचं, तारा सा-प-सा-प लावायच्या. वाद्य छाती आणि पाय यांच्यात पक्कं बसतं, त्यामुळे डावा हात मोकळा, मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, हवी तेवढी लांबवा. उभं राहिलं की हे सगळं जातं. वाद्य हनुवटीनं धरायचं, तारा जी-डी-ए-ई, आणि वरून खाली मींड घ्यायला जावं तर हाताबरोबर वाद्यच खाली यायला लागतं. विशारद होऊन पुन्हा पहिलीत बसावं लागलं. कॅम्पात एक गोवेकर सर होते, त्यांच्याकडे वर्षभर नुसतं उभं राहायला शिकले म्हटलं तरी चालेल.

त्यात साडी. पदर डाव्या खांद्यावर आणि व्हायोलिनही डाव्याच खांद्यावर. गिऱ्हाइकाला पैठणी हवी असते, आणि पैठणीवर शोल्डर रेस्ट, म्हणजे वाद्याखाली खांद्यावर टेकवायचा आधार, एक गाणंभर टिकत नाही, घसरते. पदराच्या निऱ्या चपट्या करून खांद्यावर पिना लावायच्या आणि वर रेस्टच्या मापाचा मऊ चामड्याचा तुकडा आतून टाचायचा, हा उपाय मी शोधला. आता बऱ्याच मुली तो करतात, कुणी सांगत नाही कुठून घेतला ते. गळ्यात ठुशी चालते. मोहनमाळ, लक्ष्मीहार अजिबात नाही. वाद्याच्या पाठीवर टिकटिक होते, आणि पिकअप, म्हणजे वाद्याला लावलेला आवाज टिपणारा तुकडा, ती इमानदारीनं स्पीकरवर पोचवतो.

पिकअपवरून मामांकडे येते. मामा पूर्वी ऑर्केस्ट्राच्या सुपाऱ्या करायचे. पहिली तीन वर्षं मी साधं लाकडी व्हायोलिन ब्रिजला पिकअप लावून वाजवलं. पण साधं वाद्य पोकळ. समोर ढोल-ताशा, आवाज वाढवा म्हणून मागे यजमान, आणि आवाज वाढवला की स्पीकरमधून आलेला सूर वाद्याच्याच पोटात शिरून शिट्टी मारतो. २०१४ मध्ये इलेक्ट्रिक व्हायोलिन घेतलं. त्याला पोटच नाही, शिट्टीचा प्रश्न मिटला. दुसरा सुरू झाला. हॉलचा साउंडवाला आपली केबल घेऊन थेट मिक्सरमध्ये खुपसतो आणि मग आवाज असा येतो की डबा चमच्यानं खरवडतंय कुणी. पिकअप पायझो, म्हणजे कंपनाच्या दाबातून आवाज टिपणारा असतो, त्याला पुढे मेगाओममधला, म्हणजे दहा लाख ओमांच्या घरातला रोध असलेला इनपुट लागतो. मिक्सरचा इनपुट काही हजार ओमांचा. खर्ज गळून जातो, उरते नुसती किरकिर. मामा म्हणायचे, “ताई, मधे आपला डबा घेतल्याशिवाय वायर कुणाच्या हातात द्यायची नाही.” डबा म्हणजे प्रीअँप आणि डीआय, पिकअपचा आवाज मिक्सरला झेपेल असा करून देणारे. तो डबा, लाल टेप गुंडाळलेल्या दोन केबली, स्वतःचा एक्स्टेन्शन बोर्ड आणि टेस्टर हे सगळं मामांच्या रेक्झिनच्या बॅगेत असतं. जनरेटरवर अर्थिंग नसलं की मामा आधी स्वतः हात लावून बघतात, मग मला वाद्य देतात. वायरलेसही आहे, पण मंडपात पाचशे मोबाइल जमले की स्वस्त वायरलेस गचके खातं. नव्यानं या धंद्यात येणाऱ्यांना सांगते, पहिले पैसे आले की महागडा ड्रेस घेऊ नका, डबा घ्या. कुणी विचारलेलं नाही, तरी सांगते.

त्यानंतरची काही वर्षं बरी गेली. लग्नसराईत कामं, चातुर्मासात शिकवण्या. सांगण्यासारखं फार नाही.

आता त्याच्याबद्दल. आज त्याचं नाव मोठं आहे, त्यामुळे खरं तर ‘ते’ म्हणायला हवं, पण माझ्या तोंडी बसत नाही. कारण हा आमच्याकडे लॅपटॉपवर बसायचा. मी वाजवायची, मागचे ट्रॅक, म्हणजे साथीच्या वाद्यांचं रेकॉर्डिंग, तो सोडायचा. व्हायोलिन त्याला येत होतं, क्लासमध्ये चार वर्षांत येतं तेवढं. ट्रॅक मी स्वतः बसवलेले. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे की ट्रॅक करताना त्यावर आधी ‘गाइड’ वाजवून ठेवतात, म्हणजे गाण्याची चाल व्हायोलिनवर वाजवून वेगळी साठवायची आणि कार्यक्रमाच्या वेळी ती बंद ठेवायची. २०१८ च्या पावसाळ्यात तो आमच्याकडून गेला. तुळशीच्या लग्नानंतर बघते तर त्याचं स्वतःचं सुरू. पांढरा सूट, आतून निळं पेटणारं व्हायोलिन, क्रेनवरून एंट्री. दर आमच्या दुप्पट. बरं, म्हटलं, ज्याचं त्याचं नशीब.

२०१९ च्या डिसेंबरात एका संस्थेनं आजारी मुलांच्या उपचारांसाठी निधी जमवायला जेवण ठेवलं होतं. म्हात्रे पुलाजवळचं लॉन, सोनेरी खुर्च्या, चित्रांचा लिलाव, दर टेबलावर देणगीचा फॉर्म. पाहुणे येऊन बसेपर्यंत मी, आणि लिलावानंतर मुख्य आकर्षण तो. माझं काम झालं होतं, मी मामांच्या शेजारी उभी होते. तो फिरत्या चबुतऱ्यावर आला, गाणं सुरू झालं. पहिला अंतरा गेला. दुसऱ्या अंतऱ्यात, वरच्या षड्जावर जाताना, ई तारेवर बारीकशी किरकिर आली. गाइड वाजवताना माझ्याच बोची, म्हणजे गजाची, झालेली किरकिर ती. गाइड कोण ऐकणार म्हणून मी ती काढली नव्हती. मामांनी हेडफोन खाली केले आणि म्हणाले, “ताई, हे तुम्ही वाजवताय.”

मी पुढे जाऊन बघितलं. त्याच्या वाद्यावर तारांखाली एक कण पांढरा नव्हता. बोला राळ लावली की वाजवताना तिची भुकटी ब्रिजजवळ पडतेच, गाण्यागणिक पुसावी लागते. राळ न लावलेला बो तारेवरून कितीही ओढा, आवाज येत नाही. त्याला येऊच द्यायचा नव्हता. अंगावर शहारा यावा अशी मींड होती, आणि ती माझी होती.

दहा वाजले. चौकीवरून दोन हवालदार आले. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत, रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद, हे पुण्यातल्या प्रत्येक लॉनवाल्याला पाठ आहे, तरी दर वेळी धावपळ होतेच. मेन स्विच गेला. ट्रॅक थांबला आणि त्याचा बो मात्र पुढची दोन आवर्तनं तसाच फिरत राहिला. समोर तीनशे माणसं होती. मला वाटलं, झालं, आता कळलं सगळ्यांना. त्यानं बो वर उचलला, कमरेत वाकून नमस्कार केला. टाळ्यांचा कडकडाट. तो खाली उतरला आणि बुफेकडे गेला.

जेवण शेजारच्या बंद हॉलमध्ये होतं. संस्थेच्या बाई घाबऱ्याघुबऱ्या झालेल्या, देणग्यांचे फॉर्म भरायचे बाकी आणि हॉलमध्ये नुसता चमच्यांचा आवाज. मी गाडीतून साधं व्हायोलिन काढलं. हॉलमध्ये, बिनस्पीकरचं, त्याला कुणाची हरकत नव्हती. टेबलांमधून फिरत वाजवलं, भावगीतं, दोन नाट्यपदं, कुणी मागितलं ते. लोक फॉर्म भरत होते. बाईंनी जाताना दोन्ही हात हातात घेतले.

संस्थेच्या पुढच्या कार्यक्रमाला त्यालाच बोलावलं. मी नवऱ्याला फोन करायला लावला, तेव्हा बाई म्हणाल्या, “तुमचं वाजवणं सुंदरच असतं हो, पण त्यांचं फोटोत छान येतं.”

वकिलाकडे गेले होते. प्रताधिकार कायद्यात वाजवणाऱ्यालाही त्याच्या वादनावर हक्क आहे, असं ते म्हणाले, तारखांसकट मूळ फाइली आहेत का विचारलं. आहेत. पण फी ऐकून नवरा म्हणाला, तेवढ्यात नवं वाद्य येईल, आणि नवं वाद्य आणलं. तेव्हापासून गाइड वेगळ्या डिस्कवर असतं आणि ती डिस्क कपाटात.

मग लगेच मार्च २०२०. तो सगळ्यांनीच भोगला, लांबण लावत नाही. धरलेल्या तारखा गेल्या, घेतलेले इसार परत केले, मामा काही महिने त्यांच्या मेव्हण्याच्या भाजीच्या टेम्पोवर होते. आणि हा पठ्ठ्या घरून व्हिडिओ टाकत होता. व्हिडिओत तर राळेचा प्रश्नच नाही.

त्या वर्षी आम्ही धंदा गुंडाळला नाही तो कोल्हापूरच्या आक्कांमुळे. गुळाच्या व्यापाऱ्यांचं घर. थोरल्या नातीच्या साखरपुड्यापासून त्यांच्याकडे आमच्याशिवाय कार्य झालेलं नाही. पहिल्याच वेळी इलेक्ट्रिक वाद्य बघून म्हणाल्या होत्या, “पोरी, ह्ये विजेचं ठेव बाजूला, साधं वाजीव, मी हितंच बसतो.” पाकीट नेहमी जेवणाआधी, वर एक रुपया, आणि पैसे मोजून घ्यायला लावणार. म्हणायच्या, “वाजवणाऱ्यानं उपाशी आणि उधारीवर ऱ्हाऊ नये.” २०२० च्या तुळशीच्या लग्नानंतर त्यांच्या नातवाचं लग्न निघालं. पन्नास माणसांची मर्यादा. मीच फोन केला, म्हटलं, आक्का, यंदा आमचं राहू दे, तुमची घरचीच माणसं पन्नासात मावायची नाहीत. तर म्हणाल्या, “दोन चुलत जावई कमी केलेत. तू आन् मामा धरून पन्नास.” पूर्ण रक्कम दिली, एक पैसा कमी केला नाही. पुढच्या एप्रिलात तर पंचवीस माणसं आणि दोन तास असा हुकूम आला, तेव्हा कुणाचंच काही वाजलं नाही. पण तोवर मामा परत आले होते.

संस्थांच्या कार्यक्रमांबद्दल थोडं बोलते, कारण राग त्याचाही आहे. चांगलं काम आहे, तुम्हीही सेवा द्या, असं म्हणतात. मांडववाला सेवा देत नाही, केटरर देत नाही, फुलवाला देत नाही. सेवा फक्त वाजवणाऱ्यानं द्यायची, बदल्यात ‘ओळखी होतील’. नव्या मुलांनी हे नीट ऐका. फुकट वाजवलंत तर त्याची देणगीवरच्या करसवलतीची पावती मिळत नाही, ती फक्त पैशाच्या देणगीला असते, आणि रोख दोन हजारांवर दिलेत तर तीही नाही. म्हणून बिल लावा, पैसे खात्यात घ्या, मनात असेल तेवढे चेकनं परत द्या आणि पावती मागा. आम्ही असंच करतो. ज्यांना खरंच निधी जमवायचाय त्यांना हे लगेच पटतं. आणखी एक, लग्नातल्या गाण्यांना प्रताधिकार कायद्याच्या ५२व्या कलमात सूट आहे, संस्थेच्या जेवणाला किंवा कंपनीच्या पार्टीला ती लागू नाही. परवाना कोण काढणार ते इसार घेण्याआधी लिहून घ्या, नाहीतर हॉटेलचा मॅनेजर ऐन वेळी तुमच्याच तोंडाकडे बघतो.

२०२४ च्या मे महिन्यात शुक्राचा अस्त होता, मुहूर्तांची बोंब, पुन्हा हात आखडला. त्यातूनही निघालो. मामांचे गुडघे दुखतात, आता त्यांचा भाचा बरोबर येतो आणि बॅग तोच उचलतो. डबा मात्र मामांच्याच हातात असतो.

पुढच्या लग्नसराईच्या तारखा घेणं चालू आहे. इसार निम्मा, उरलेले वाजवण्याआधी. कार्यक्रमाआधी दोन तास स्टेज मोकळं लागतं, साउंड कुणाचाही असो, डबा आमचाच राहील. क्रेन, धूर, पेटणारं वाद्य आमच्याकडे नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी गाण्याच्या मधे येऊन ट्रॅक बंद करून बघावा. रात्री दहाला स्पीकर बंद झाला आणि जेवण आतल्या हॉलमध्ये असेल, तर साधं व्हायोलिन घेऊन टेबलांमधून वाजवतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत.