मावशींना बोलू द्या

सिंहगड रोडवरच्या आमच्या स्पीच थेरपीच्या क्लिनिकमध्ये अकरा महिन्यांचा मुलगा आला. 'बाबाबा', 'दादादा' काही नाही, हाक मारली तरी वळत नाही. आई-बाबा दोघंही हिंजवडीला आयटीत. बेरा तपासणी नॉर्मल, म्हणजे ऐकू येत होतं. आधीच्या डॉक्टरांनी "मुलगे उशिराच बोलतात" म्हणून परत पाठवलेलं. या एका वाक्यापायी किती मुलांचे मोलाचे महिने वाया जातात!

दिवसभर सांभाळतं कोण, विचारलं. आईनं दाराशी बसलेल्या मावशींकडे पाहिलं. "त्यांना सांगितलंय, त्याच्याशी फार बोलू नका. भाषा गावाकडची आहे ना. टॅबवर इंग्लिश राइम्स लावून ठेवतो."

मी मावशींना सतरंजीवर बोलावलं. "घरात कुणी नसताना बोलता, तसं बोला." त्यांनी आधी आईकडे पाहिलं. मग तोंडावर पदर घेतला. "कुटं गेलं माजं सोनं?" पदर खाली. "ह्ये काय!" तिसऱ्यांदा पदर जरा जास्त वेळ वर राहिला. बाळाचे हलणारे पाय थांबले, नजर पदरावर खिळली, आणि बारीकसा "अ" आला. मावशींनी तो लगेच झेलला. "आँ? काय म्हंतंय?" आणि गप्प राहून वाट पाहिली. ही वाट पाहणं शिकवताना आमच्या नव्या थेरपिस्टांबरोबर माझा जीव मेटाकुटीला येतो. त्या लगेच खुळखुळा वाजवतात. बाळ पुन्हा म्हणालं, "अअ."

बाळं भाषा कशी शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन संशोधक पॅट्रिशिया कुल यांनी 2003 साली हेच दाखवलं होतं. अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांशी समोर बसून, खेळत कुणी मँडरिन बोललं, तेव्हा 12 बैठकांत ती बाळं त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखू लागली. तेच बोलणं व्हिडिओवर दाखवलं, तर काहीच शिकली नाहीत. बाळाच्या "अ"साठी टॅब थांबत नाही.

एवढ्यावरून निदान होत नाही. बालविकासतज्ज्ञांकडे पाठवलंच आहे. पण घरी करून घ्यायच्या सरावाच्या कागदावर 'पालक' या रकान्यात मी मावशींचंही नाव लिहिलं. बाबांनी विचारलं, "उद्या हा त्यांच्यासारखंच बोलायला लागला तर?"

"लागू दे की," मी म्हटलं.

आई काहीच बोलली नाही. पुढच्या वेळी मावशींना आणाच, असं बजावून सांगितलंय. आणतील का, याचीच धाकधूक आहे.