'डॉक्युमेंट का माल?' : एक विज्ञान कादंबरी टपालाने जगभर फिरवताना

परदेशी टपालाच्या खिडकीवर पुस्तकाला स्वतःची अशी जागा नाही, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. पुस्तक पुढे सरकवलं की प्रश्न येतो, "भाऊ, हे डॉक्युमेंट आहे का माल?" या एका प्रश्नावर आमची कादंबरी जेवढी रखडली, तेवढी पुढे ती कुठल्याच देशात रखडली नाही. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. खानदेशातून दुसरं कोणी असं पुस्तक फिरवायला काढणार असेल, तर त्या खिडकीपुढे त्याला उत्तर तयार हवं.

बाकीची मांडणी सोपी आहे. मराठी विज्ञान कादंबरी, आवृत्ती संपलेली, दुकानात मिळत नाही. झेरॉक्स काढून वाटायची नाही, कारण पुस्तक छापायचं थांबलं म्हणून लेखकाचा हक्क संपत नाही. विकत घेतलेली आपली प्रत दुसऱ्याच्या हातात द्यायला मात्र कुणाची आडकाठी नाही. तेव्हा प्रत एकच, ती एका वाचकाकडून दुसऱ्याकडे जाते, आणि पुढे पाठवायचा खर्च ज्याच्याकडे पुस्तक आहे त्याचा. 'बुकक्रॉसिंग'वाले २००१ पासून अशी पुस्तकं जगभर सोडतात. त्यांच्यात दोन रीती आहेत: 'रिंग'मध्ये पुस्तक फिरून मूळ मालकाकडे येतं, 'रे'मध्ये ते पुढेच जात राहतं. आम्ही दुसरी निवडली. त्याचं कारण जकातीच्या फॉर्ममध्ये आहे, ते पुढे येईल.

देशातले टप्पे विनासायास पार पडतात. १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' ही भारतीय टपालाची पुस्तकांसाठीची स्वस्त सेवा सुरू झाली आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं हवं आणि आत जाहिराती नकोत, एवढं पाहून घ्या. हा दर फक्त भारतातल्या भारतात लागू आहे. परदेशी पाकिटासाठी तो मागत बसू नका, वेळ जातो.

आता खिडकी.

१ जानेवारी २०२१ पासून जागतिक टपाल संघाच्या नियमानुसार, ज्या पाकिटात वस्तू आहे त्याची माहिती पाकीट पोचायच्या आधी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने त्या देशाला कळवावी लागते. आत काय आहे, किती वजन, किती किंमत, कोणी कोणाला पाठवलं, हे सगळं. नुसती कागदपत्रं असतील तर यातून सूट आहे. त्यामुळे खिडकीमागच्या माणसापुढे दोनच दारं उरतात, आणि पुस्तक कुठल्या दाराने न्यायचं हे त्याला कोणी नीट सांगितलेलं नसतं. आमच्याकडे संवाद असा फिरत राहिला:

"माल म्हणताय तर बिल आणा. जीएसटी नंबर आहे का? एक्स्पोर्टचा कोड?"

"साहेब, जुनं पुस्तक आहे. विकलेलं नाही."

"मग डॉक्युमेंट लिहा."

"डॉक्युमेंट लिहिलं तर पुढे अडकेल."

"मग बिल आणा."

माणूस वाईट नव्हता. तालुक्याच्या गावात परदेशी पाकीट रोज येत नाही, आलं तर ते बहुतेक पासपोर्टचे किंवा शिक्षणाचे कागद असतात. पण अर्धवट माहितीच्या जोरावर रांगेतल्या माणसाला परत पाठवणं मला मान्य नाही. नियम असा असेल तर तो खिडकीवर मराठीत लावावा, लोक वाचून घेतील.

'डॉक्युमेंट' लिहून सुटका करून घेण्याचा मोह होतो. तो आवरा. तसं लिहिलं की आगाऊ माहिती जात नाही. मुंबईला यंत्रात पाकीट तपासलं की आत पुस्तक दिसतं, आणि माहिती नसलेली वस्तू म्हणून ते बाजूला पडतं. तिथून निसटलं तरी पलीकडच्या देशाच्या जकातीत अडकतं. युरोपीय संघ आणि अमेरिका यांनी तर ही माहिती कायद्यानेच सक्तीची केली आहे. परत आलेल्या पाकिटाचे पैसे कोणी देत नाही.

उत्तर हे: पुस्तक ही वस्तू आहे, पण व्यापारी वस्तू नाही. स्वतःच्या वापरातली, व्यापाराशी संबंध नसलेली वस्तू पाठवायला आयात-निर्यात कोड लागत नाही आणि विक्रीच झालेली नाही तर बिल असण्याचा प्रश्न येत नाही. मी हे तोंडी सांगत होतो तोवर काही हललं नाही. सीएन २२ हा जकात घोषणेचा फॉर्म पूर्ण भरून, आधार कार्डाच्या छायाप्रतीसह पुढे ठेवला तेव्हा हललं, कारण मग समोरच्याला निर्णय घ्यायचा नव्हता, फक्त फॉर्मवरचं संगणकात उतरवायचं होतं. किंमत ३०० एसडीआरच्या (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबी चलन) वर असेल तर मोठा सीएन २३ लागतो. जुन्या कादंबरीला त्याची गरज नाही.

फॉर्म रोमन लिपीत भरायचा. वर्णनात नुसतं 'बुक' लिहू नका. 'प्रिंटेड बुक, युज्ड, फिक्शन, मराठी' एवढं लिहा. हे वर्णन आधी यंत्र वाचतं, आणि मोघम शब्द दिसला की पाकीट माणसाकडे तपासणीला जातं. नग १. एचएस कोड ४९०१९९, हा छापील पुस्तकांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक. हा लिहिल्यावर समोरच्याचा सूर बदलतो, कारण तोच रकाना त्यांना सतावत असतो. मूळ देश भारत. निव्वळ वजन पुस्तकाचं, एकूण वजन पाकिटासह, दोन्ही ग्रॅममध्ये आणि वेगवेगळी. अडीच-तीनशे पानांची साधी बांधणी ३०० ते ३५० ग्रॅम भरते. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर आधीच वजन करून घ्या.

किंमत शून्य टाकू नका. देणगी आहे, किंमत कसली, असं वाटतं खरं. पण शून्य किमतीची वस्तू संगणक घेत नाही, आणि घेतली तर पलीकडचा अधिकारी स्वतःच्या मनाने किंमत ठरवतो. रद्दीवाल्याकडे किंवा जुन्या पुस्तकांच्या गाडीवर ती प्रत जेवढ्याला मिळेल तेवढी रुपयांत लिहा. दीडशे, दोनशे, जे खरं असेल ते.

वर्गाच्या रकान्यात 'गिफ्ट'वर खूण. ही खूण खरी असावी म्हणून आम्ही परत न येणारी रीत घेतली: पुस्तक पुढच्या वाचकाला देऊन टाकलं, त्याने ते त्याच्या पुढच्याला द्यायचं. परत मागणार असाल तर ती भेट होत नाही, मग 'इतर'वर खूण करून खुलासा लिहावा लागतो. शिवाय भारतात परत येताना छापील पुस्तकांवर २०१९ पासून ५ टक्के जकात आहे, ती कटकट वेगळी. विक्रीवर खूण झाली तर युरोपात जास्त नुकसान होतं. २२ युरोपर्यंतच्या मालाला असलेली करमाफी १ जुलै २०२१ ला संपली, त्यामुळे दीडशे रुपयांच्या पुस्तकावरही कर लागू शकतो आणि वर तो वसूल करणारा हाताळणी शुल्क घेतो. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला दिलेली भेट मात्र ४५ युरोपर्यंत मोकळी आहे. ब्रिटनमध्ये ही मर्यादा ३९ पौंड, कॅनडात ६० डॉलर. 'व्यक्तीने व्यक्तीला' हे महत्त्वाचं. पाकिटावर वाचनालयाचा किंवा मंडळाचा शिक्का मारू नका, प्रेषक म्हणून संस्थेचं नाव घालू नका. उत्साहाने मारलेल्या शिक्क्याने सवलत जाऊ शकते.

घेणाऱ्याचा फोन आणि ई-मेल लिहा, जकातवाले त्यावरच कळवतात. आखाती देशातला वाचक असेल तर पी.ओ. बॉक्स क्रमांक आधी मागून घ्या, नुसत्या इमारतीच्या नावावर भरवसा ठेवू नका. देशाचं नाव शेवटच्या ओळीत, मोठ्या अक्षरांत.

पाकीट आंतरराष्ट्रीय ट्रॅक्ड पॅकेट म्हणून टाकलं. एक गोष्ट आधी सांगायला हवी होती: पुस्तकात वाचकांच्या नोंदींचा कागद चिकटवलेला असेल, तर छापील साहित्याच्या स्वस्त वर्गाचा आग्रह धरू नका. ब्रिटनसारख्या देशात असा वर्ग आहे, पण त्यात खाजगी मजकूर चालत नाही. नोंदी वेगळ्या, ई-मेलने गोळा कराव्यात. पुस्तकात फक्त पुढच्या वाचकांची यादी, तीही नाव आणि शहर एवढीच. पूर्ण पत्ते आत ठेवले की ते अनोळखी हातांतून फिरतात.

बांधणीबद्दल आपल्या भागापुरतं सांगतो. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. गोंदाने चिकटवलेल्या पुस्तकाचा गोंद या उन्हात मऊ होतो, आणि पोत्यात दाबून पडलेलं पुस्तक पोचेपर्यंत पाठीतून उकलतं. एप्रिल ते जूनचा पहिला पंधरवडा सोडून पाठवा. पाठ आधीच सैल असेल तर शिवून घ्या. पुस्तक आधी प्लास्टिकच्या पिशवीत, मग दोन्ही बाजूंना पुस्तकापेक्षा अर्धा सेंटीमीटर मोठे पुठ्ठे, म्हणजे कोपरे दबत नाहीत. मग घट्ट कागद. पुस्तक आत हललं तर कोपरे गेलेच.

पुठ्ठा म्हणून केळीचं खोकं कापू नका. रावेर-यावलकडे घरोघरी ती पडलेली असतात, जाड आणि मजबूत असतात, हे खरं. पण त्यांच्या पन्हाळ्यांत पानाचा चुरा, चीक, माती राहते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये अशा वनस्पतीच्या अंशावरून पाकीट थांबतं, कधी नष्टही केलं जातं. याच कारणाने वाचकांना आधीच सांगून ठेवा: पुस्तकात वाळलेलं फूल, पिंपळपान, चहाची पुडी, मसाला, नाणं, नोट काही ठेवायचं नाही. कागदाची खूण चालते.

मांजरपाटात शिवून लाखेची सील लावायची जुनी पद्धत इथे करू नका. कापडावर बारकोड नीट चिकटत नाही, आणि बारकोड निघाला की पाकीट बेवारस.

वाचकांचा क्रम कोणी आधी नाव दिलं यावर लावू नका, सीमांवर लावा. युरोपीय संघातले सगळे वाचक सलग घ्या: जर्मनी, नेदरलँड्स, आयर्लंड. तिथे एकमेकांना पाठवताना जकातीचा फॉर्मच लागत नाही. ब्रिटन आणि स्वित्झर्लंड संघात नाहीत, ते आधी किंवा नंतर. अमेरिकेतले वाचकही सलग घ्या, कारण तिथला मीडिया मेल हा पुस्तकांचा स्वस्त दर फक्त देशांतर्गत आहे. बाहेर पाठवणं त्यांना महाग पडतं, परदेशी जाणारं समुद्रमार्गी टपाल त्यांनी २००७ मध्येच बंद केलं. म्हणून अमेरिकेचा शेवटचा वाचक असा निवडा, ज्याची हवाई टपालाच्या खर्चाला तयारी आहे, किंवा सगळ्यांनी मिळून त्याला हातभार लावा. आणि पाठवायच्या दिवशी कुठल्या देशाचं टपाल बंद आहे ते विचारा. ८०० डॉलरपर्यंतची जकातमाफी अमेरिकेने २९ ऑगस्ट २०२५ पासून काढून घेतली, तेव्हा इथून तिकडे जाणारं टपाल थांबलं होतं. ते १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झालं.

मुंबईहून निघाल्यावर ट्रॅकिंग गप्प होतं. पलीकडच्या देशात नोंद होईपर्यंत मधे काही दिसत नाही, ते साहजिक आहे, लगेच तक्रार करू नका. क्रमांक सापडत नसेल तर आधी तो बरोबर उतरवला आहे का ते तपासा. दोन अक्षरं, नऊ आकडे, शेवटी देशाची दोन अक्षरं. पहिल्या आठ आकड्यांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ने गुणा, बेरीज करा, ११ ने भागा, बाकी ११ मधून वजा करा. उत्तर नववा आकडा यायला हवा. १० आलं तर ० धरा, ११ आलं तर ५. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या अंधुक फोटोतला ३ आहे की ८, हे यावरून कळतं.

पावतीचा फोटो त्याच दिवशी काढा. तो कागद उष्णतेवर छापला जातो आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात कपाटातसुद्धा कोरा होतो. परदेशी पाकिटाची चौकशी टाकल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावी लागते, आणि तेव्हा खिडकीवर पहिली मागणी पावतीचीच होते.