आधी रिस्टोअर करून पाहिलं, मग होस्टिंग घेतलं

“ताई, दहावा धडा लावला तर स्क्रीन रीडर नुसतं ‘अकाउंट सस्पेंडेड’ म्हणतोय.”

परीक्षा चार दिवसांवर होती आणि सकाळी सहाला एका विद्यार्थिनीचा हा फोन आला. आमची साइट छोटी आहे. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी आम्ही काही जणी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करतो आणि ते धडे तिथे ठेवतो. प्रत्येक धड्याला पानांच्या खुणा असतात. पान ४२ म्हटलं की आवाज थेट तिथून सुरू होतो. या खुणा नसतील, तर पाऊण तासाच्या धड्यातली एक व्याख्या शोधण्यात पाऊण तास जाऊ शकतो.

खात्यात मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, सापडला म्हणून होस्टिंग कंपनीने, म्हणजे ज्यांच्या सर्व्हरवर आमची साइट ठेवलेली होती त्यांनी, ती बंद केली होती. यात चूक आमचीही होती. साइटला जोडलेला एक जुना जादा प्रोग्राम, म्हणजे प्लगइन, मी कधीच अपडेट केलं नव्हतं आणि घुसखोर तिथूनच आत आला. डेटाबेस पुसला गेला होता. प्लॅन घेताना ‘रोज बॅकअप’ असं ठळक अक्षरांत वाचल्याचं आठवत होतं, म्हणून मी निर्धास्तपणे बॅकअप मागितला. उत्तर वाचलं आणि हातपाय गळाले. फाइल्सची संख्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की ते खातं बॅकअपमधून वगळतात, हे अटींमध्ये लिहिलेलं होतं. आमचं खातं अडीच महिन्यांपूर्वीच वगळलं गेलं होतं आणि आम्हाला कोणी कळवलंही नव्हतं.

रेकॉर्डिंग आमच्या हार्ड डिस्कवर होतं, म्हणून वाचलं. खुणा मात्र फक्त डेटाबेसमध्ये होत्या, त्यामुळे अडीच महिन्यांचं काम गेलं. ते चार दिवस आम्ही एकेक धडा एकेकीच्या फोनवर पाठवत होतो.

परीक्षा संपल्यावर मी नवं होस्टिंग शोधायला बसले. ‘सर्वोत्तम दहा होस्टिंग’ छापाच्या याद्या दोन दिवस वाचल्या आणि सोडून दिल्या. त्यातल्या बऱ्याच याद्यांमधल्या लिंकवरून कोणी प्लॅन घेतला की लिहिणाऱ्याला कमिशन मिळतं, आणि तसं तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलंही असतं. मग कंपन्यांच्या सेवाअटीच वाचायला घेतल्या. काम कंटाळवाणं होतं, पण जे हवं होतं ते तिथेच सापडलं. ‘अनलिमिटेड’ जागा देणाऱ्यांकडेही फाइल्सच्या संख्येवर मर्यादा असते. तिला इनोड लिमिट म्हणतात. आमच्यासारख्या हजारो लहान फाइल्स असलेल्या साइटला जागेपेक्षा हा आकडाच आधी नडतो.

अपटाइमचं, म्हणजे साइट किती वेळ चालू राहील याच्या हमीचंही तसंच. ९९.९ टक्के ऐकायला भरघोस वाटतं, पण हिशेब केला तर वर्षाला सुमारे पावणेनऊ तास साइट बंद राहिली तरी शब्द पाळला असंच ठरतं. ९९.९९ म्हणजे वर्षाला सुमारे ५३ मिनिटं. मी वाचलेल्या अटींमध्ये ठरवून केलेली देखभाल या हिशेबात धरलेलीच नव्हती. भरपाई होती ती पुढच्या बिलातल्या थोड्या सवलतीची. ते पावणेनऊ तास परीक्षेच्या आदल्या रात्री आले, तर त्या सवलतीचं आम्ही काय करणार?

चार कंपन्या निवडल्या आणि चौघींनाही शनिवारी रात्री साडेअकराला तेच पाच प्रश्न पाठवले. बॅकअप किती दिवस ठेवता? कोणत्या कारणाने वगळता? तो कुठे ठेवता? परत आणायला किती वेळ लागतो? शेजारच्या खात्यात मालवेअर आला तर माझ्या खात्याला काय संरक्षण? शेअर्ड होस्टिंगमध्ये एकाच सर्व्हरवर शेकडो साइट्स असू शकतात. प्रत्येक खातं एकमेकांपासून नीट वेगळं ठेवलेलं नसेल, तर एकाच्या घराला लागलेली आग दुसऱ्याच्या घरात शिरते.

एकीने उत्तर म्हणून विक्री विभागाचं पान चिकटवलं. दुसरीकडे मी चाचणीसाठी खातं उघडलं, तर त्यांनी माझाच पासवर्ड जसाच्या तसा ईमेलने पाठवला. जे लोक पासवर्ड उघड्यावर पाठवतात, ते बाकीचं काय जपणार? ते नाव मी तिथेच खोडलं. तिसरीने लिहिलं, की बॅकअप त्याच डेटा सेंटरमध्ये, दुसऱ्या डिस्कवर असतात. मला १० मार्च २०२१ आठवला. त्या दिवशी फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक अख्खी इमारत खाक झाली. ज्या ग्राहकांचे बॅकअपही तिथेच होते, त्यांचा डेटा कायमचा गेला. डिस्क वेगळी असून भागत नाही, बॅकअपची जागाच वेगळी हवी.

चौथीचं उत्तर चाळीस मिनिटांनी आलं. बॅकअप ३० दिवसांचे, दुसऱ्या शहरातल्या केंद्रात. मालवेअर काढून देण्याबद्दल मात्र सरळ लिहिलं होतं, “ही सेवा आमच्याकडे नाही, ते तुम्हाला करावं लागेल.” या एका वाक्याने माझा विश्वास बसला. जिथे नाही तिथे नाही म्हणणारा माणूस समोर होता.

तरी एकदम वर्षाचे पैसे भरले नाहीत. पहिल्या वर्षीचा दर आणि रिन्यूअलचा दर यांत बऱ्याचदा मोठा फरक असतो, तो आधी विचारून घेतला. मग एका महिन्याचा प्लॅन घेऊन साइटची प्रत तिथे चढवली, दोन दिवस थांबले आणि तिसऱ्या दिवशी विज्ञानाच्या धड्यांचं एक फोल्डर आणि खुणांचा एक तक्ता मुद्दाम उडवला. प्रतच होती, तरी ‘डिलीट’वर बोट ठेवताना हात थरथरला. तिकीट, म्हणजे मदतीची विनंती, टाकलं आणि घड्याळ लावून बसले. नऊ मिनिटांनी उत्तर आलं, “कोणत्या तारखेचं हवं?” बावीस मिनिटांनी फोल्डर जागेवर होतं. मी धडा लावला, पान ४२ म्हटलं, आणि आवाज बरोबर तिथूनच सुरू झाला. तेव्हा कुठे जिवात जीव आला.

बाकीच्या गोष्टी भराभर तपासल्या. खातं सांभाळायच्या कंट्रोल पॅनेलला टू-फॅक्टर लॉगिन होतं, म्हणजे पासवर्डबरोबर आणखी एक पडताळणी. फाइल्स चढवायचं साधं एफटीपी पासवर्ड उघडाच पाठवतं, म्हणून ते बंद करून त्याऐवजी सुरक्षित एसएफटीपी ठेवता येत होतं. साइटशी होणारी देवाणघेवाण गुप्त ठेवणारं लेट्स एन्क्रिप्ट संस्थेचं मोफत एसएसएल प्रमाणपत्र थोड्याच मुदतीचं असतं, ते आपोआप नवं होत होतं. साइट ज्या भाषेवर चालते त्या पीएचपीची चालू आवृत्तीही होती. आमच्या जुन्या सर्व्हरवर अजून ७.४ चालायचं, आणि त्याच्या सुरक्षा दुरुस्त्या नोव्हेंबर २०२२ मध्येच थांबल्या होत्या.

डोमेनची, म्हणजे साइटच्या नावाची, गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण आमची गाडी तिथेच अडली. डोमेन होस्टिंगबरोबर ‘फुकट’ मिळालं होतं आणि नोंदणी पाहिली तर मालकाच्या जागी होस्टिंग कंपनीचंच नाव. ते आमच्या नावावर करून घ्यायला, लॉक काढून ट्रान्स्फरचा कोड मिळवायला अकरा दिवस आणि कितीतरी ईमेल लागले. आता डोमेन एका कंपनीकडे आणि होस्टिंग दुसरीकडे आहे. उद्या होस्टिंग सोडावंसं वाटलं तर नाव आपल्या हातात राहतं. तुम्ही होस्टिंग बदलणार नसलात तरी आपल्या डोमेनच्या नोंदणीत कोणाचं नाव आहे, हे आजच पाहा.

साइटचं नाव कोणत्या सर्व्हरवर न्यायचं हे डीएनएसच्या नोंदी सांगतात, आणि जुनी नोंद किती वेळ धरून ठेवायची हे टीटीएल. साइट हलवण्याच्या दोन दिवस आधी हा टीटीएल ८६,४०० सेकंदांवरून ३०० वर आणला, म्हणजे बदल दिवसाऐवजी पाच मिनिटांत पोचतो. संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये नव्या सर्व्हरचा पत्ता टाकला, म्हणजे फक्त माझ्याच संगणकावर साइट तिथून उघडते, आणि सगळी पानं आधीच पाहिली. एक गोष्ट राहिलीच. ईमेलही जुन्याच सर्व्हरवर होतं आणि पत्रं कुठे पोचवायची हे सांगणारी एमएक्स नोंद मी हलवली नव्हती. जुनं खातं महिनाभर चालू ठेवलं होतं, म्हणून तिथे साचलेली सतरा पत्रं हाती लागली. त्यातली तीन नव्या विद्यार्थ्यांची होती.

होस्टिंग कंपनीच्या बॅकअपशिवाय आमची स्वतःची एक प्रत आता दर रात्री तिसऱ्याच ठिकाणी जाते. महिन्यातल्या पहिल्या रविवारी मी त्यातून एक धडा परत आणते आणि पानाच्या खुणेवरून ऐकून पाहते. गेलेल्या खुणा मात्र पुन्हा हातानेच घालाव्या लागतायत. दोघी जणी रोज रात्री तासभर हेडफोन लावून बसतात. इतिहास पूर्ण झालाय, भूगोलाचे सहा धडे राहिलेत.